मर्लबाईंचा पेढा

वसू,

शोकसभेत बोलायला मला दोन मिनिटं मिळाली आहेत. अध्यक्षांना दहा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरोबरच आहे. त्यांची माझी ओळख कमी, त्यांना वेळ जास्त लागणार."

इथल्या मराठी मंडळाचा निरोप मृणालनं फोनवर सांगितला. "मावशी, ते म्हणतात तू आईच्या डायबेटीस इव्हेंटबद्दल बोल. चर्चमधला. तो खूप सक्सेसफुल झाली होती ना?" तुझ्या लेकीच्या मराठीत 'तो' आणि 'ती' अजून जागा शोधत फिरत असतात. तू दर वाक्याला दुरुस्त करायचीस, ती वैतागायची. मी दुरुस्त केलं नाही. त्या घरात आता आपल्याला दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही, हे तिला एवढ्यात कळायला नको.

त्या कार्यक्रमाला आता तुझं नाव देणार आहेत म्हणे. दरवर्षी आरोग्यक्षेत्रातल्या एकाला पुरस्कार, शाल आणि नारळ. म्हणजे ज्या दिवसाचा विषय निघाला की तू उठून भांडी घासायला लागायचीस, तोच दिवस तुझ्या नावानं दरवर्षी साजरा होणार. यावर दोन मिनिटांत खोटंच बोलता येईल. खरं लांबडं आहे, म्हणून लिहिते.

सुरुवात चांगली होती. तू हॉस्पिटलच्या डायबेटीस क्लिनिकमध्ये नर्स, मी कौन्सिलच्या लायब्ररीत. दर शुक्रवारी तू माझ्याकडे येऊन चपला न काढता तक्रारी करायचीस, आणि त्या वर्षी तुझी तक्रार एकच होती. लीड्सच्या ज्या भागात जमैका, बार्बाडोसहून आलेली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहतात, तिथली माणसं क्लिनिकला यायची ती पायाची जखम चिघळल्यावर, नाहीतर डोळ्यापुढे अंधारी आल्यावर. क्लिनिकमध्ये सगळे म्हणत, "हे लोक येतच नाहीत हो." एका मीटिंगमध्ये तू विचारलंस, "मग आपण तिकडे कितीदा गेलो?" त्यावर एक उपसमिती नेमली गेली. या देशाकडून आपण घेतलेल्या गोष्टींत ही एक होती, नाहीतर आपणच ती त्यांना दिली असेल.

उपसमितीची वाट न पाहता तू तिथल्या चर्चमध्ये गेलीस. पास्टर म्हणाले, "मागेही एक डॉक्टर येऊन पत्रकं वाटून गेले. तुम्हीही पत्रकं वाटणार?"

"नाही," तू म्हणालीस. "मी आधी जेवणार."

आणि कित्येक रविवार तू खरंच तिथं जेवलीस. मलाही ओढून नेलंस, मी नास्तिक आहे याची दोन्ही देवांना कल्पना असताना. नारळाच्या दुधात शिजवलेला राजम्याचा भात, तिखटजाळ कोंबडी, आणि वर आल्याचं सरबत, ज्यात साखर किती असते हे तू कधी विचारलं नाहीस. परत येताना गाडीत म्हणालीस, "शैले, तेही 'शुगर'च म्हणतात गं. 'माझ्या आईला शुगर होती.' सांगलीला माझी आत्या म्हणायची अगदी तसंच. आणि 'थोडीशीच आहे', हेही तसंच."

तिथंच मर्लबाई भेटल्या. सगळे त्यांना मिस मर्ल म्हणत, आपण घरी आल्यावर मर्लबाई. जन्मभर शहराच्या बस चालवलेल्या, चर्चच्या गायकवृंदातल्या सगळ्यात खालच्या आवाजाच्या, आणि दर रविवारी नवी हॅट. पहिल्याच दिवशी त्यांनी तुझ्या ताटाकडे पाहिलं. (त्या अर्थातच इंग्रजीत बोलत. इथलं त्यांचं मराठी माझं आहे.) "नर्स, तू चिमणीसारखं खातेस. जी जेवत नाही तिनं जेवणाबद्दल सांगितलेलं मी का ऐकू?" तू दुसऱ्यांदा भात घेतलास. त्यांनी त्यावर आपल्या हातानं तिखट सॉस घातला आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. कोल्हापूरच्या आजोळानं तुला त्या दिवशी तारलं.

चार-सहा महिन्यांत पास्टर स्वतःच म्हणाले, आता ठेवा तुमचा कार्यक्रम. शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये. बोटातून रक्त काढून साखर तपासायची, पाय बघायचे, ज्याचा आकडा वर जाईल त्याला तिथंच बसवून बोलायचं आणि क्लिनिकची वेळ द्यायची. भाषण नाही. तुला फक्त टेबलं लावायला आणि माणसं रांगेत बसवायला हात हवे होते.

हात मंडळाकडे होते. मी म्हटलं, "मंडळाला आत घेऊ नकोस. ते खुर्च्या आणतील आणि त्यांवर बसतील."

"तू सगळ्यांबद्दलच असं बोलतेस," तू म्हणालीस. तेही खरं होतं.

त्या शनिवारी हॉलच्या दारावर फलक होता, त्यावर अध्यक्षांचा फोटो होता. अध्यक्ष पेशानं भूल देणारे डॉक्टर. माईक हातात आला की भाषणातूनही देत. हॉलमध्ये ज्योत पेटवायला मनाई, म्हणून बॅटरीवरची समई आणली होती; ती बटण दाबून प्रज्वलित झाली. पास्टरांनी आदरानं डोळे मिटले. मला वाटतं, हसू येऊ नये म्हणून.

तू पडद्यामागे मशीनं मांडत होतीस, म्हणून दारात काय चाललंय ते तुला दिसलं नाही. तू सगळ्यांना बजावलं होतंस की तपासणी होईपर्यंत खायला काही ठेवायचं नाही. कोणी ठेवलंही नाही. पण पाहुणा दारात आल्यावर त्याला कोरडं आत कसं घ्यायचं? महिला समिती पैठण्या नेसून दोन रांगांत उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला अत्तर, कपाळाला कुंकू आणि हातात एक केशरी पेढा. नंतर तू चिडून विचारलंस तेव्हा त्या बिचाऱ्या मनापासून गोंधळल्या. "अहो, पण पेढा म्हणजे काय खाणं आहे का? तोंड गोड केलं फक्त."

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जमातीनं मधुमेहाच्या तपासणीच्या दारात माणशी एक पेढा वाटला नसता. ही कामगिरी आपलीच.

पहिल्या रांगेची तपासणी झाली. एकेक आकडा वर जायला लागला. तू मशीन बदललंस, पट्ट्यांची डबी बदललीस. बाहेर बाकावर बसलेली माणसं एकमेकांना आकडे सांगायला लागली, आणि हॉल गप्प होत गेला. एक म्हातारे गृहस्थ पुढच्या बोटासाठी हात पुढे करून बसले होते. त्यांच्या अंगठ्याला केशर लागलेलं तुला दिसलं.

तू पडदा सारून बाहेर आलीस. पेढ्याचा खोका उचललास. मी तुला इतकी वर्षं ओळखत होते, पण तो चेहरा पाहिला नव्हता.

"हे काय आहे?"

"पेढे," समितीच्या प्रमुख म्हणाल्या. "एकेकच दिलाय हो."

बोटाला साखर लागलेली असली की मशीन तीच मोजतं. माणसाच्या आतली किती आणि बाहेरची किती, ते त्याला कळत नाही. तू सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावलेस, पुन्हा टोचलंस, आणि बरेचसे आकडे खाली आले. लोक हसायला लागले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साखरेचा एवढा आनंदी कार्यक्रम मी पाहिला नव्हता, आणि त्या आनंदात तुझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

मर्लबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांचा आकडा सगळ्यांत मोठा होता. दुसऱ्या तपासणीला त्या थांबल्या नाहीत. गायकवृंदाला ब्रॅडफर्डला जायचं होतं आणि मिनीबस दाराशी हॉर्न वाजवत होती. दारातून त्यांनी मागे वळून पाहिलं. तू हातात साबणाची बाटली घेऊन, दहा माणसांच्या गराड्यातून, त्यांना ओरडून सांगितलंस, "मिस मर्ल, तो आमचा पेढा असणार. काळजी करू नका." त्यांनी हॅट सावरली, हात हलवला आणि गेल्या.

संध्याकाळी तुला शाल आणि नारळ मिळाला. नारळाची तू त्याच संध्याकाळी चटणी केलीस. स्मरणिकेत छापून आलं की उपक्रमास उदंड प्रतिसाद लाभला.

तू त्यांना नंतर क्लिनिकचं पत्र पाठवलंस, दोनदा. चर्चमध्येही विचारलंस. त्या म्हणाल्या, "बघू, नर्स. मी तर ठणठणीत आहे." मग तुझी बदली झाली, तुझे रविवार गेले, आणि दोनेक वर्षांनी एका दुपारी तू मला लायब्ररीत फोन केलास. तू कामावर असताना कधीच फोन करायची नाहीस. "मर्लबाई आल्यात," म्हणालीस. "पायाच्या क्लिनिकला." बुटात खडा होता. दिवसभर त्याच्यावर चालल्या, आणि त्यांना कळलाच नाही. पायाला काही कळायचं बंद होऊन किती दिवस झाले होते, तेही त्यांना माहीत नव्हतं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी तू त्यांच्याकडे जायला लागलीस. रिटायर झाल्यावरही. त्यांना नवा पाय बसवला, तेव्हा त्याच्या बांधायच्या पट्ट्यांवरून तू पाय बसवणाऱ्याशी भांडलीस. साखर कशी मोजायची ते त्यांना शिकवलंस, आणि प्रत्येक वेळी पहिला धडा तोच, आधी हात. साबण लावून, कोमट पाण्यानं, नीट पुसून. मर्लबाई म्हणत, "ही मला बाप्तिस्मा देते दर आठवड्याला."

आपला वाद तिथपासूनचा. तो आपण सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये, मागच्या सीटवर फ्रोझन भाज्या वितळत असताना, कितीदा घातला असेल. तू म्हणायचीस, "मला तिला सांगायचंय की तो आकडा मी उडवून लावला. त्या दिवशी मी तिला थांबवलं असतं तर उपचार दोन वर्षं आधी सुरू झाले असते."

"पाय एका वाक्यानं जात नाही, वसू."

"कधीकधी जातो."

"आणि सांगून काय होणार? तुला हलकं वाटेल. तिला उरलेला जन्म एक नवा राग घेऊन बसावं लागेल, तोही जी तिला दर गुरुवारी भेटायला येते तिच्यावर."

"तो तिचा हक्क आहे ना?"

"तुझं पापक्षालन हा तिचा हक्क कसा?"

मग तू गाडी सुरू करायचीस. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. पण माझं बरोबर असण्यात आणि तू गप्प होण्यात मला जे समाधान मिळायचं, त्याबद्दल आता बरं वाटत नाही. दर वेळी तू म्हणायचीस, "या गुरुवारी सांगणार." आणि शुक्रवारी माझ्याकडे यायचीस, चपला न काढता. मी विचारायचे नाही. न सांगितलेलं तुझ्या तोंडावर दिसायचं.

माझी आई गेली आणि मला विमान मिळालं नाही, तेव्हाही तू अशीच चपला न काढता आली होतीस. माझा फ्रिज उघडून शिळंपाकं टाकलंस, कप्पे पुसलेस, आणि दूध कुठलं कधीचं ते सांगून निघून गेलीस. सांत्वनाचा तो एकच प्रकार मला आजवर सोसला आहे. मी त्याबद्दल तुझे आभार मानले नाहीत, कारण तू ते मानू दिले नसतेस. आता तुझी अडचण नाही, तर मानते.

मग तुझा आजार. स्वादुपिंडाचा कॅन्सर. सगळ्या शरीरात नेमकं तेच, इन्सुलिन बनवणारं. "ज्याची जन्मभर वकिली केली," तू म्हणालीस, "त्यानंच उलट साक्ष दिली." निदान झालं तेव्हाच फार उशीर झाला होता, आणि हे तुला डॉक्टरांच्या आधी कळलं. नंतर तुझीही साखर चढायला लागली, इन्सुलिन आलं. मृणाल कामाला जायची, मी दुपारी असायचे, नर्स दोनदा यायची. गुरुवारी मर्लबाई.

टॅक्सीनं यायच्या, हॅट घालून. नवा पाय जिन्यावर वाजायचा. वर आल्या की पहिल्यांदा बाथरूममध्ये जाऊन टॉवेल कोमट पाण्यात भिजवून आणायच्या, साबण लावून तुझी बोटं एकेक करून पुसायच्या, आणि मग टोचायच्या. तुझे हात काड्यांसारखे झाले होते. एकदा आकडा खूप चढला. तू म्हणालीस, "मिस मर्ल, तो तुमचा केक असणार." त्या म्हणाल्या, "तू केक खाल्लाच नाहीस. मी बघत होते." तू हसलीस, मग डोळे मिटून घेतलेस. मी खिडकीत उभी होते. मला वाटलं, आता सांगशील. त्यांनी चादर नीट केली आणि चहा करायला खाली गेल्या.

दोन गुरुवारांनंतर तू गेलीस. सांगितलं नाहीस. मरताना माणसं मन मोकळं करतात हे पुस्तकांत फार वाचलंय. तू शेवटचे दोन दिवस मॉर्फिनवर होतीस, आणि शेवटचं जे नीट ऐकू आलं ते "खिडकी लावा" हे होतं.

परवा तेरावा होता. मृणालला कोणीतरी फोनवर सांगितलं की तेराव्याला गोड करायचं असतं, म्हणजे दुःखाचे दिवस संपतात. "मावशी, संपतात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, रवा भाज. तिनं शिरा केला, थोडा गाठी झालेला. मंडळाचे चार लोक येऊन गेले. अध्यक्ष फोटोपुढे उभे राहून "ज्योत मालवली" म्हणाले. बॅटरीच्या समईची आठवण मला नेमकी तेव्हाच यायला नको होती.

सगळे गेल्यावर मर्लबाई आल्या. काळी हॅट. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून त्यांनी पाय लांब केला. मी बशीत शिरा वाढला, लहानसा. त्या उठल्या, सिंकशी गेल्या, हात धुतले, पुसले. पिशवीतून मशीन काढलं, बोट टोचलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "दोन चमचे. त्याहून जास्त नाही. ती बघतेय." मग बशीकडे बघत राहिल्या.

"त्या दिवशीचा तो पिवळा गोळा मी खाल्ला नव्हता," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कुठला. मला माहीत होतं कुठला.

"दारातल्या बाईनं मला द्यायला हात पुढे केला, तर माझ्या हातात हातमोजे. मी रुमाल पुढे केला, तिनं त्यात ठेवला. मी गाठ मारून पर्समध्ये टाकला. अनोळखी दारात खायचं नाही, अशी माझ्या आईची शिकवण. सोमवारी सापडला, पक्ष्यांना घातला." त्यांनी चमचा उचलला, पुन्हा ठेवला. "हातमोजे मी तिच्या टेबलाशीच काढले. बोटं स्वच्छ होती. तिनं दारातून ओरडून सांगितलं ना, की तो पेढाच असणार? तेव्हा मला कळलं होतं की तो पेढा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी आई शुगरनं आंधळी होऊन गेली. मला घरी जायला एक कारण हवं होतं. तिनं इतकं छान दिलं." त्यांनी बशी थोडी पुढे सारली. "ती स्वतःला दोष देत होती. मला माहीत होतं. दर गुरुवारी तिच्या ओठावर यायचं. तिनं तिचं सांगितलं असतं तर मला माझं सांगावं लागलं असतं. मग तिला यायचं कारण काय उरलं असतं? म्हणून ती सुरुवात करायला लागली की मी उठायचे आणि केटल लावायचे."

वसू, यानं तू सुटतेस की आणखी अडकतेस, मला ठरवता येत नाही. तो आकडा खरा होता. म्हणजे तू म्हणायचीस तेवढी चूक होतीच. पण तुझ्या वाक्यानं त्या फसल्या नाहीत. म्हणजे माझंही थोडं बरोबर होतं. कार पार्कमध्ये या एका मुद्द्यावर आपला वर्षभर वाद चालला असता. तुला हे कळायला हवं होतं असं मला एका क्षणी वाटतं, आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, बरं झालं. दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात, आणि त्यात मजा नाही.

मर्लबाई माझ्याकडे बघत होत्या. "तिनं तुला काही सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं. "माझ्याबद्दल? ती रागावली असती का?"

तू काय उत्तर दिलं असतंस, ते मला ठाऊक होतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी उठले आणि केटल लावली.